छापून न आलेल्या बातम्या आणि अरुण साधू

राजकीय वार्ताहराला जेवढं माहीत असतं त्यातलं रुपयात दहा पैसेसुद्धा छापून येत नाही, पण हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. त्याला वाटतं पेपरवाले राईचा पर्वत करतात. अहो उलट आहे सगळं. आमच्याकडं पर्वतच असतो, छापायला फक्त राई मिळते. कुठला नगरसेवक कुणाच्या गाडीतनं कुठल्या फार्महाऊसवर गेला, कुठल्या संचालकाचा राजीनामा लिहून खिशात तयार आहे, स्टेजवर एकमेकांचा उद्धार करणारे कुठले दोन नेते रात्री एकाच ठिकाणी जेवतात, हे सगळं विश्रामगृहाच्या आवारात, चहाच्या गाड्यावर, नाहीतर रात्री शेवटचं पान सोडायच्या टायमाला फोनवर कळतं. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर 'राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण'. बाकी सगळं पोटात. मी कोल्हापुरात एका दैनिकात बरीच वर्षं राजकारणाचं बीट केलंय, त्यामुळं हे पोट केवढं मोठं ठेवावं लागतं त्याची मला कल्पना आहे.

आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ होते, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. जिल्ह्यातलं असं एक घराणं नव्हतं ज्याच्या तीन पिढ्या आण्णांनी जवळून बघितल्या नव्हत्या. कारखाना कुणी काढला आणि कुणाच्या नावानं बोर्ड लागला, तिकीट कुणाचं ठरलं होतं आणि रात्रीत कुणाला गेलं, बँकेच्या निवडणुकीत कुणी कुणाचा गेम केला, हे सगळं त्यांच्याकडनं ऐकायचं म्हणजे मेजवानी. मी एकदा म्हटलं, आण्णा, हे लिहा की. तर चष्मा पुसत म्हणाले, "लिहून काय करू? ज्यांचं लिहायचं तीच माणसं रोज सकाळी फोन करून चहाला बोलावत्यात." आण्णा गेले. त्यांच्याबरोबर सगळं गेलं. घरच्यांना विचारलं तर म्हणाले डायऱ्या होत्या, पण त्यात फक्त पत्रकार परिषदांच्या वेळा आणि फोन नंबर.

आण्णांच्या उलट्या टोकाला मला अरुण साधू दिसतात. म्हणजे तोच धंदा, तीच माणसं, तेच ऑफ द रेकॉर्ड. फरक एवढाच की साधूंनी पोटातलं बाहेर काढायचा एक रस्ता शोधला आणि तो रस्ता पेपरातनं जात नव्हता.

साधू १९४१ सालचे, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचे. म्हणजे मुंबईच्या सत्तेबद्दल सगळ्यात जिवंत मराठी कादंबऱ्या लिहिणारा माणूस मुंबईचा नव्हताच, पार मेळघाटाच्या पायथ्याशी वाढलेला वऱ्हाडी होता. मला हे महत्त्वाचं वाटतं. मुंबईत जन्मलेल्याला मंत्रालय म्हणजे बसच्या खिडकीतनं दिसणारी एक इमारत. गावाकडनं आलेल्याला तिथं जिल्हे दिसतात. कुठला माणूस कुठल्या मातीतला, कुणाचा भाऊबंद, कुणाला कुठल्या कारखान्यानं वर आणलंय, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. पुण्यात 'केसरी'त सुरुवात, 'माणूस' साप्ताहिकात लिखाण, मग मुंबई. तिथं इंडियन एक्स्प्रेस, टाइम्स ऑफ इंडिया, स्टेट्समन, आणि शेवटी फ्री प्रेस जर्नलचं संपादकपद. म्हणजे दिवसभर इंग्रजी पेपरची नोकरी आणि कादंबरी मराठीत. ही दोन खाती वेगळी ठेवली म्हणूनच जमलं असावं, हा आपला माझा अंदाज. इंग्रजीतली बातमी दिल्लीपर्यंत जायची, पण तो मंत्री बंगल्यावर बायकोशी, पीएशी, जिल्ह्यातनं आलेल्या कार्यकर्त्याशी कसा बोलतो, आवाज कधी खाली येतो, 'आपण' वरनं 'तू' वर कधी उतरतो, ते इंग्रजीत कसं सांगणार? ते मराठीतच उरायचं आणि कादंबरीत जायचं.

आता लोकांना साधू म्हटलं की 'सिंहासन' आठवतं आणि 'सिंहासन' म्हटलं की पिक्चर. माझंही आधी तसंच होतं. पिक्चर १९७९ चा. दिग्दर्शन जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर, आणि गोष्ट साधूंच्या दोन कादंबऱ्यांची मिळून, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. निळू फुले वार्ताहर दिगू टिपणीस, श्रीराम लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे आपले अरुण सरनाईक. आपले म्हणजे अस्सल कोल्हापूरचे. वडील शंकरराव सरनाईक गायक-नट, काका निवृत्तीबुवा शास्त्रीय गाण्यातलं मोठं नाव. इथं जरा थांबून एक गोष्ट सांगतो, विषय थोडा बाजूला जातोय पण असू दे. महाराष्ट्राला साताऱ्यानं मुख्यमंत्री दिले, सांगलीनं दिले, मराठवाड्यानं विदर्भानं दिले, कोल्हापूरला एवढं राजकारण कोळून प्यायलेलं असूनही मुख्यमंत्रिपद आजवर एकदाही मिळालं नाही. मिळालं ते पडद्यावर, सरनाईकांच्या रूपानं. आणि काय मुख्यमंत्री केलाय तो! डोळ्यात मिश्कीलपणा, चेहऱ्यावर कायम थोडा थकवा, कुणी कितीही भडकलं तरी आवाज चढत नाही, आणि समोरच्याला वाटत राहतं की साहेबांना काही कळलेलं नाही. मी असली दोन-तीन माणसं प्रत्यक्षात बघितलीत, मुख्यमंत्री नव्हते ती, पण आपापल्या तालुक्यात तेवढीच मोठी होती. सरनाईक १९८४ साली अपघातात गेले. राजकारण्याची भूमिका एवढी आतनं करणारा नट परत बघायला मिळाला नाही, असं मी म्हणतो, ज्यांना पटत नाही त्यांनी भांडायला यावं.

पुस्तक नंतर हातात आलं. करवीर नगर वाचन मंदिरात, म्हणजे १८५० पासून चालू असलेलं आपलं वाचनालय, तिथं मिळालं. पुठ्ठा सुटलेला, आणि आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं मार्जिनमध्ये खऱ्या नेत्यांची नावं लिहून ठेवलेली, काही ठिकाणी एक नाव खोडून दुसरं लिहिलेलं. मला पुस्तकापेक्षा आधी तोच माणूस आवडला. पण पाचपन्नास पानं वाचल्यावर लक्षात आलं की तो फसलाय. ही ओळखा पाहू छाप कादंबरीच नव्हे.

काळ बघा कुठला होता तो. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री. १९७२ चा दुष्काळ, गिरण्यांच्या मुंबईत युनियन, किनाऱ्यावर स्मगलिंग, मग आणीबाणी. 'मुंबई दिनांक' सत्तरीच्या सुरुवातीचं, 'सिंहासन' १९७७ चं. आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादांचं सरकार त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या शरद पवारांनी बाहेर पडून पाडलं आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते मुख्यमंत्री झाले. म्हणजे पुस्तक आधी आणि घटना नंतर. लोकांनी पुढं म्हणायला सुरुवात केली की साधूंनी भविष्य सांगितलं. काही भविष्य-बिविष्य नाही. ज्याला यंत्र आतनं कसं चालतं ते कळलंय त्याला पुढचं चाक कुठल्या बाजूला फिरणार तेही दिसतं, एवढंच. आणि गंमत अशी की त्या पिक्चरचं शूटिंग मंत्रालयात झालं, ते पवार मुख्यमंत्री असताना त्यांच्याच सरकारच्या परवानगीनं! आज एखाद्यानं असली परवानगी मागून बघावी.

साधूंच्या लिखाणात मला सगळ्यात जास्त काय आवडतं तर त्यांना कुणाचा राग येत नाही. हे वाचायला सोपं वाटतं, पण राजकारण कव्हर करणाऱ्या माणसाला हे लै अवघड. आम्ही एकतर कुणाच्या तरी प्रेमात असतो नाहीतर कुणावर तरी खुन्नस धरून असतो, मधली जागा पगारात बसत नाही. साधूंचा मुख्यमंत्री लबाड आहे पण तो फायली पण वाचतो. त्यांचा बंडखोर अर्थमंत्री महत्त्वाकांक्षी आहे, पण त्याच्या घरात काय चाललंय ते वाचलं की त्याची कीव येते. युनियन लीडर डिकास्टा खरा लढाऊ आहे आणि तरीही शेवटी कुणाच्या तरी पटावरची सोंगटी आहे. खलनायक कुणीच नाही. सगळे आपापल्या खुर्चीतनं जेवढं दिसतं तेवढं बघतात आणि त्याप्रमाणं वागतात. आणि ह्या सगळ्यांचं एकमेकांशी जे चालतं त्याच्या मधोमध वार्ताहर. त्याच्याशी दोन्ही बाजूंची माणसं मोकळेपणानं बोलतात आणि त्याला वाटतं आपण बघे आहोत, तर तसं नसतं, माहिती इकडनं तिकडं जायचा तोच एक पाइप असतो. हे कुठल्या पत्रकारितेच्या कोर्समध्ये त्या काळी शिकवत होते का? मला तर हे नोकरी लागल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं, एका नेत्यानं मला आपुलकीनं सांगितलेली गुपित गोष्ट मी कुठं कुठं बोलतो याच्यावर त्याचा माणूस लक्ष ठेवून होता तेव्हा.

पण मग प्रश्न येतो, बातमीच का नाही लिहायची? कादंबरी म्हणजे पळवाट नव्हे का?

याच्यावर मला कायम कोल्हापूर प्रकरण आठवतं. आमच्या गावाचं नाव मराठी पत्रकारितेच्या इतिहासात सगळ्यात पहिल्यांदा ठळक आलं ते याच भानगडीत. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज, वयानं लहान, आणि कारभारी माधवराव बर्वे. महाराजांना वेडं ठरवून त्यांचे हाल चाललेत, अशी बोंब पुण्यापर्यंत गेली. टिळक-आगरकरांनी बर्व्यांच्या विरोधात झोडपून काढणारं लिहिलं. त्यांच्याकडं कागद होते, पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. माफी मागून झाली तरी बर्वे मागं हटले नाहीत. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ऑक्टोबरात सुटले. सुटल्यावर लोकांनी डोक्यावर घेतलं ती गोष्ट वेगळी. आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, ते तरुण महाराज अहमदनगरला गोऱ्या शिपायाबरोबरच्या झटापटीत गेले. म्हणजे बघा, महाराजांचे हाल होत होते ही मूळ गोष्ट खोटी होती असं कुणी म्हणू शकत नाही, पण हातातला कागद खोटा होता. खरी बातमी आणि सिद्ध होणारी बातमी यात अंतर असतं आणि त्या अंतरात माणसं तुरुंगात जातात.

याच्या उलट उदाहरण पण आहे. १९८१ साली अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये अंतुल्यांच्या ट्रस्टचं आणि सिमेंटचं प्रकरण काढलं, कागद पक्के होते, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्याला खुर्ची सोडावी लागली. कागद असेल तर पेपर सरकार हलवतो. मात्र राजकारणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कागदावर येतच नाही हो. ती एका नजरेत होते, गाडीत बसताना कुणाला पुढच्या सीटवर बोलावलं त्यात होते, फोन उचलला नाही त्यात होते. त्याचा पुरावा काय देणार? साधूंनी त्याच्यासाठी कादंबरी वापरली. ज्याला पुरावा नाही पण जे सगळ्यांना माहीत आहे, ते लिहायची ती जागा आहे. त्याला पळवाट म्हणायचं असेल तर म्हणा, मला तो हमरस्ता वाटतो.

आता हेच सगळं कोल्हापुरात बसून वाचलं की कसं वाटतं? मंत्रालयाच्या जागी गोकुळ ठेवा. खोटं नाही सांगत, गोकुळच्या निवडणुकीत 'सिंहासन'चं एकूण एक पात्र सापडतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हा जिल्हा दूध संघ, मतदान करणार प्राथमिक दूध संस्थांचे ठरावधारक, म्हणजे संस्थेनं ज्याच्या नावानं ठराव केलाय तो एक माणूस. २०२१ ला संख्या सगळी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास होती. आमदारकीला लाखांत मतदार असतात, त्यांना भाषणं द्यावी लागतात. इथं सगळी माणसं नावानिशी माहीत असतात, कुणाची पोरगी कुठं दिलीय, कुणाचं कर्ज कुठल्या बँकेत थकलंय ते सगळं. त्यामुळं भाषणाची गरजच नाही, भेटायचं. मतदानाच्या आधी ठरावधारक सहलीला जातात, कुठं जातात ते सगळ्या जिल्ह्याला माहीत असतं, कुणाच्या खर्चानं जातात तेही माहीत असतं, आणि पेपरात 'ठरावधारक अज्ञातस्थळी'. २०२१ च्या मेमध्ये, कोरोनाच्या ऐन दुसऱ्या लाटेत ही निवडणूक झाली आणि महाडिकांची कित्येक वर्षांची सत्ता जाऊन सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या आघाडीकडं आली. दवाखान्यात बेड मिळत नव्हते तेव्हा मास्क लावून ठराव मोजले जात होते. एवढ्या एका प्रसंगावर साधूंनी दोनशे पानं लिहिली असती.

किंवा २०१९ ची लोकसभा घ्या. 'आमचं ठरलंय'. एवढे दोनच शब्द, काय ठरलंय कुणाचं ठरलंय काही सांगायचं नाही, आणि सगळ्या जिल्ह्याला कळलं की आघाडीतला काँग्रेसवाला आघाडीच्याच उमेदवाराला पाडणार. ऑफ द रेकॉर्ड गोष्ट भिंतीवर रंगवून जाहीर करणारा आमचा हा एकमेव जिल्हा असेल. इथं नेते एकमेकांना 'बिंदू चौकात ये' म्हणून आव्हान देतात. ज्या चौकात माधवराव बागलांनी १९५० साली फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बसवले, तेही बाबासाहेब हयात असताना, त्याच चौकात. आव्हान दिलेला गडी सहसा येत नाही ते सोडा.

एवढा माल आजूबाजूला पडलेला असताना माझ्याबरोबर काम केलेल्या एकाही वार्ताहरानं त्याचं पुस्तक केलं नाही, मी पण नाही. का नाही याचं उत्तर मला शोधून सापडलंय असं नाही, पण एक कारण तरी नक्की माहीत आहे ते म्हणजे जाहिरात. तालुक्याच्या वार्ताहराला पगार किती असतो ते विचारू नका. त्याला टार्गेट असतं, पुरवणीला जाहिराती गोळा करायचं, वर्धापन दिन, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस. ज्या साहेबांच्या कारखान्यातली भानगड त्याला कळलीय त्याच साहेबांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात त्याला आणायची असते, 'अभीष्टचिंतन', फोटोखाली पन्नास कार्यकर्त्यांची नावं. त्यात एक नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक. असल्या माणसानं रात्री घरी जाऊन त्याच साहेबांवर तटस्थपणे कादंबरी लिहायची? साधूंना हे नव्हतं. ते मोठ्या पेपरांत होते, मंत्र्यावर त्यांची चूल अवलंबून नव्हती. त्यांचं मोठेपण कमी करत नाही मी, फक्त ते कुठल्या जमिनीवर उभं होतं ते सांगतोय.

आणि माझं साधूंशी एक भांडणही आहे. ते पिक्चरबद्दल जास्त आहे खरं तर. शेवटी दिगू टिपणीस वेडा होतो, हसत सुटतो. निळू फुल्यांनी केलंय जबरदस्त, थेटरात अंगावर काटा येतो, नॅशनल अवॉर्ड मिळालं पिक्चरला ते मिळायलाच पाहिजे होतं. पण वेडा होतो हे मला पटत नाही. मी बघितलेला एकही दिगू वेडा झाला नाही. एक जण मंत्र्यांचा पीआरओ झाला. एकाला कुठल्यातरी समितीवर अशासकीय सदस्य म्हणून घेतलं. एकानं फ्लॅट घेतला आणि हप्ते फेडायला नेत्यांची चरित्रं लिहायला लागला, गौरवग्रंथ म्हणतात त्याला. एक स्वतःच नगरसेवकीला उभा राहिला आणि पडला. बाकीचे पेन्शनीची वाट बघत प्रेस नोटा सोडत बसले. वेड लागायला आधी धक्का बसायला लागतो, आणि धक्का बसायचा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांतच झिजून जातो. दिगू ठीकठाक घरी गेला, जेवला आणि दुसऱ्या दिवशी शपथविधीची बातमी आठशे शब्दांत लिहिली, असा शेवट असता तर मला जास्त भीती वाटली असती.

दुसरं म्हणजे साधूंचं बाकीचं लिखाण लोक वाचतच नाहीत. 'झिपऱ्या' रेल्वे स्टेशनवर बूट पॉलिश करणाऱ्या पोरांवरची, त्याच्यावर २०१८ साली पिक्चर आला तेव्हा परत थोडी चर्चा झाली. 'विप्लवा' सारखी विज्ञान कादंबरी. 'मुखवटा' जाडजूड आहे, घराण्याची गोष्ट, मला मधे मधे संथ वाटली. आणि त्यांची सगळ्यात दुर्लक्षित बाजू म्हणजे परदेशावरची पुस्तकं, चीनवर '...आणि ड्रॅगन जागा झाला', क्युबावर 'फिडेल, चे आणि क्रांती', रशियावर 'तिसरी क्रांती'. विशी-तिशीतला मराठी वार्ताहर, इंटरनेट सोडाच धड लायब्ररी पण मिळायची मारामार, आणि तो माओ आणि कॅस्ट्रो मराठी पोरांना समजावून सांगतोय, ते पण कादंबरीसारखं रंगवून. आमच्याकडं जुन्या डाव्या कार्यकर्त्यांच्या घरी ही पुस्तकं हमखास दिसायची, पानं वाचून वाचून मऊ झालेली. आता त्यांच्या त्या क्रांतीच्या प्रेमाला आजचा वाचक नाकं मुरडेल, काही ठिकाणी मलाही ते जरा भाबडं वाटतं. पण मंत्रालयाच्या जिन्यावर ज्याची बीट आहे त्या माणसाला हवानामध्ये काय झालं याची एवढी उत्सुकता असणं, हे मला राजकीय पत्रकाराचं खरं लक्षण वाटतं. सत्ता इथं कशी चालते हे कळायला ती दुसरीकडं कशी उलथली ते माहीत लागतं. आमचं आंतरराष्ट्रीय राजकारण निपाणीला संपायचं.

ग्रंथाली चळवळ उभी राहिली त्यातही ते होते, दिनकर गांगल, अशोक जैन, कुमार केतकर या मंडळींबरोबर. पत्रकारांनी मिळून वाचकांपर्यंत पुस्तकं न्यायची. हे आज ऐकताना स्वप्नच वाटतं, कारण आज दोन पत्रकार एकत्र येऊन युट्यूब चॅनेल काढतात आणि सहा महिन्यांत भांडतात.

१९८९ मध्ये फ्री प्रेसमधनं बाहेर पडले आणि पूर्णवेळ लिखाण. मग १९९५ ते २००१ पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचे प्रमुख, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट. जब्बार पटेलांच्या आंबेडकरांवरच्या चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा हात होता. २००७ ला नागपूरच्या ८० व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०१५ ला जनस्थान पुरस्कार. २५ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत गेले, देहदान केलं. त्या दिवशी आमच्या पेपरात बातमी आतल्या पानावर गेली, पहिल्या पानावर कुठल्यातरी पक्षप्रवेशाचा फोटो होता. मी डेस्कवर थोडी कटकट केली, डेस्क म्हणालं जागा नाही, जागा खरंच नव्हती.

परवा एक तरुण वार्ताहर भेटला, महापालिकेचं राजकारण करतो, हातात कायम तो चॅनेलचा माइक. दसरा चौकात उभं राहून अर्धा तास त्यानं मला एका प्रभागातल्या उमेदवारीची आतली गोष्ट सांगितली. काय सांगत होता, प्रसंगावर प्रसंग! भावकी, जुनं प्रेमप्रकरण, पतसंस्थेचं कर्ज आणि तालमीतली दोस्ती, सगळं एकात एक गुंतलेलं. मी म्हटलं, यातलं चॅनेलला काय दिलंस? "इच्छुकांची भाऊगर्दी," म्हणाला, आणि स्वतःच हसला. म्हटलं आधी 'मुंबई दिनांक' वाच, 'सिंहासन' नंतर, आणि मग हे सगळं लिहून काढ, नावं बदलून.

"नावं बदलून काय हुतंय सर," म्हणाला, "कोल्हापुरात आडनाव बदललं तर लोक गाडीच्या नंबरवरनं वळीकत्यात."

"मुंबईत पण ओळखत होते की. साधूंचं काय वाकडं झालं?"

त्यानं जरा विचार केला. खिशातनं मोबाइल काढून वेळ बघितली, कुठल्यातरी साहेबांची बाइट घ्यायची राहिली होती. किक मारता मारता म्हणाला, "लिहितो की. पण दिवाळीपर्यंत थांबूया, जाहिरातीचं पेमेंट यायचंय त्यांच्याकडनं."